हा फोटो इथे कुणी लावला?

व्हिडिओ गेमवरचे लेख मी आवडीने वाचतो. विषय मुसलमानांपर्यंत आला की मात्र मजकुराआधी फोटोकडे बघतो. बहुतेक वाचक तेच करतात.

'लिटलबिगप्लॅनेट'चे घ्या. ऑक्टोबर २००८ मध्ये सोनीने प्लेस्टेशन ३ वरच्या या गेमचे प्रकाशन जगभर पुढे ढकलले, कारण 'ताफा नियांग' या गाण्यात कुरआनमधले दोन शब्दप्रयोग होते. कुणा खेळाडूने ते सभ्यपणे कळवले होते. कंपनीने माफी मागून गाणे बदलले. संपले.

आता या मजकुरावर मुठी आवळलेल्या जमावाचा फोटो लावून बघा. एक शब्दही खोटा न लिहिता सगळा लेख खोटा होतो! तिथे गेममधला तो विणलेला, कापसाचा बाहुला हवा. (गोड आहे बिचारा.) कंसात एवढेच शोभते.

पण गाणे तुमानी दियाबाते यांचे होते, माली देशातले नामवंत कोरावादक, आणि ते स्वतः मुसलमान, ही माहिती कंसातली नव्हे. ती दुसऱ्या परिच्छेदात यायला हवी. म्हणजे कुरआनचे शब्द संगीतात यावेत का, हा मुसलमानांचा आपसातला जुना वाद आहे, हे वाचकाला दिसते. अवतरणही मग दोन्ही बाजूंचे लागते, आणि पूर्ण. 'मुस्लिम समाज नाराज' एवढाच तुकडा चौकटीत मोठ्या अक्षरांत छापायचा, तर तो कोण बोलला तेही त्याच चौकटीत लिहा.