माईक कोणाच्या हाती?

विद्यापीठे आणि मोठी महाविद्यालये यांच्या आवारात ध्वनिक्षेपकांचे जाळे आता नवलाचे राहिलेले नाही. निविदा निघते, इमारतींवर भोंगे चढतात, नियंत्रण कक्षात माईक येतो. मात्र आग लागली, प्रयोगशाळेत वायुगळती झाली किंवा कोणी शस्त्र घेऊन आत शिरला, तर तो माईक हातात घेण्याचा अधिकार नेमका कोणाला, हे अनेक ठिकाणी कुठेच लिहिलेले नसते. लाखो रुपयांच्या यंत्रणेचे यशापयश याच एका प्रश्नावर ठरते.

अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक विद्यापीठाने या प्रश्नाची फार मोठी किंमत मोजली. १६ एप्रिल २००७ रोजी सकाळी सव्वासातच्या सुमारास तिथल्या एका वसतिगृहात दोघांवर गोळ्या झाडल्या गेल्या. वरिष्ठ अधिकाऱ्यांची बैठक बसली ती ८ वाजून २५ मिनिटांनी, आणि विद्यार्थ्यांना पहिला ईमेल गेला ९ वाजून २६ मिनिटांनी. मारेकरी मोकाट असू शकतो, हे त्या ईमेलमध्ये नव्हतेच. पुढच्या पंधरा मिनिटांतच तोच मारेकरी नॉरिस हॉलमधल्या वर्गांत शिरला. त्या दिवशी एकूण ३२ जणांचा बळी गेला. राज्यपालांनी नेमलेल्या चौकशी समितीने नोंदवलेली एक गोष्ट प्रत्येक कुलसचिवाने वाचावी अशी आहे. विद्यापीठाच्या पोलिसांना इशारा स्वतः पाठवण्याची सोयच नव्हती. जे घटनास्थळी होते त्यांच्या हातात यंत्रणा नव्हती आणि ज्यांच्या हातात यंत्रणा होती ते बैठकीत होते. पुढे २००८ मध्ये अमेरिकेने कायदा बदलला. गंभीर धोक्याची खात्री पटताच इशारा तातडीने देणे आणि ती व्यवस्था वर्षातून एकदा तरी तपासणे तिथल्या विद्यापीठांना बंधनकारक झाले.

याउलट काय घडू शकते, हे मुंबईने पाहिले आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर गोळीबार सुरू झाला, तेव्हा उद्घोषक विष्णू झेंडे आपल्या केबिनमध्ये होते. त्यांनी धोका ओळखला आणि माईकवरून लोकल गाड्यांच्या प्रवाशांना पुन्हा पुन्हा सांगितले, की मुख्य हॉलकडे येऊ नका, फलाट क्रमांक एकच्या मागच्या बाजूने बाहेर पडा. त्या आवाजाने असंख्य लोक मृत्यूच्या वाटेवरून मागे फिरले. झेंडे यांचे धैर्य मोठे आहेच, पण माईक, समोर दिसणारे दृश्य आणि बोलण्याची मुभा या तीनही गोष्टी त्या क्षणी एकाच माणसापाशी होत्या, हेही लक्षात घेतले पाहिजे. आपल्या आवारांत त्या मुद्दाम जुळवून आणाव्या लागतील.

नुसती घंटा वाजवून भागत नाही. न्यूकॅसलच्या एका भुयारी रेल्वे स्थानकात प्रू आणि साइम या संशोधकांनी केलेला प्रयोग १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. फक्त घंटा वाजली, तेव्हा लोक जागचे हलायलाच आठ मिनिटांहून अधिक वेळ लागला. काय झाले आहे आणि कुठून बाहेर पडायचे, हे माईकवरून स्पष्ट सांगितल्यावर तेच काम दीड मिनिटाच्या आसपास झाले. माणूस आवाजाने दचकतो, पण पाऊल उचलतो ते सूचना कळल्यावर. तास संपल्याची आणि आगीची घंटा एकसारखीच वाजत असेल, तर मुले वही मिटून शांत बसून राहतील. त्यात दोष मुलांचा नाही.

अधिकार खालच्या पातळीवर दिला तर खोटे इशारे जातील, ही भीती खरी आहे. १३ जानेवारी २०१८ रोजी हवाईमध्ये क्षेपणास्त्र येत असल्याचा चुकीचा संदेश लोकांच्या मोबाइलवर गेला आणि तो खोटा असल्याचा दुसरा संदेश पोहोचायला ३८ मिनिटे लागली. पण त्या ३८ मिनिटांचे एक मोठे कारण होते, इशारा मागे घेण्याचा मजकूर आधी तयारच नव्हता. म्हणजे इलाज आहे तो तयारीत. बटणावर चार सह्यांचे कुलूप लावून चूक टळेल, पण इशाराही अडकून पडेल.

म्हणून प्रत्येक संस्थेने काही गोष्टी लेखी ठरवाव्यात. रात्रपाळीसह प्रत्येक पाळीत एका उपस्थित व्यक्तीला, मग ती सुरक्षारक्षक का असेना, वरिष्ठांना न विचारता घोषणा करण्याचा अधिकार असावा. आग, वायुगळती, सशस्त्र हल्ला आणि ‘धोका टळला’ यांसाठी दोन-तीन वाक्यांचे मजकूर मराठी, हिंदी आणि इंग्रजीत माईकशेजारी लावलेले असावेत. आगीत बाहेर काढायचे असते, तर हल्ल्यात दारे लावून आत थांबायचे असते. एकाच भोंग्याने हा फरक कळत नाही. वीज गेल्यावर बॅटरीवर यंत्रणा चालते का, वसतिगृहाच्या शेवटच्या खोलीत शब्द ऐकू येतात का, हे दर महिन्याला तपासावे. ज्यांना ऐकू येत नाही अशा विद्यार्थ्यांसाठी लुकलुकणारे दिवे आणि मोबाइल संदेश असावेत. वर्षातून दोनदा सराव व्हावा आणि त्यात कुलगुरूंनीही जिना उतरावा.

यापेक्षा महत्त्वाचा ठराव आणखी एक आहे. सद्भावनेने केलेली घोषणा नंतर अनाठायी ठरली, तरी ती करणाऱ्यावर कारवाई होणार नाही, असे व्यवस्थापनाने लिहून द्यावे. बारा तास फाटकावर उभ्या राहणाऱ्या कंत्राटी रक्षकाला नोकरी जाण्याची धास्ती असेल, तर तो आधी साहेबांना फोन लावेल, आणि तो फोन उचलला जाईपर्यंत जिन्यात धूर भरलेला असेल. मुलांना वाचवण्याची जबाबदारी त्याच्यावर टाकायची असेल, तर त्याच्या पाठीशी उभे राहण्याची जबाबदारी संस्थेने आधी घेतली पाहिजे. नव्या भोंग्यांच्या निविदेआधी हा ठराव मंजूर व्हावा. त्याला एक रुपयाही लागत नाही.