बाळाच्या किडनीतला जन्मजात दोष: सोनोग्राफीत दिसतो, पण सरकारी तपासणीत का सुटतो?

जन्मणाऱ्या दर हजार बाळांपैकी साधारण ३ ते ६ बाळांच्या किडनीत किंवा मूत्रमार्गात काही ना काही जन्मजात दोष असतो. यातले बरेच दोष निरुपद्रवी असतात. पण लहान मुलांची किडनी कायमची निकामी होते, तेव्हा जवळपास ४० ते ५० टक्के वेळा मूळ कारण हेच असतं. म्हणूनच कोणता दोष कोणत्या गटातला, हे कळणं महत्त्वाचं ठरतं.

वर्गीकरण कसं करतात?

डॉक्टर ढोबळमानाने चार प्रश्न विचारतात.

१. किडनी आहे का? साधारण हजारात एका बाळाला एकच किडनी असते. ती नीट काम करत असेल तर आयुष्य सर्वसाधारण जातं. मात्र रक्तदाब आणि लघवीतली प्रथिनं अधूनमधून तपासावी लागतात. दोन्ही किडन्या नसतील तर गर्भजल तयार होत नाही, फुप्फुसं वाढत नाहीत आणि बाळ सहसा वाचत नाही.

२. किडनी नीट घडली आहे का? कधी ती आकाराने लहान राहते, तर कधी तिच्या जागी पाण्याच्या गाठींचा घोस तयार होतो.

३. ती जागेवर आहे का? गर्भात किडन्या ओटीपोटात तयार होतात आणि मग वर सरकतात. एखादी खालीच राहते. कधी दोन्ही खालच्या टोकाला जोडल्या जातात. तिला 'घोड्याच्या नालेसारखी किडनी' म्हणतात. साधारण ५०० जणांत एकाला ती असते आणि अनेकांना आयुष्यभर पत्ताही लागत नाही.

४. लघवी मोकळी वाहते का? मूत्रवाहिनीच्या तोंडाशी अडथळा, मूत्राशयातून लघवी उलटी वर चढणं, किंवा मुलग्यांमध्ये मूत्रमार्गात पडदा असणं, हे या गटात येतं. वेळेवर उपचार मिळाले तर किडनी वाचवण्याची सर्वात जास्त संधी इथेच असते.

रिपोर्टमधल्या 'सूज'चा अर्थ काय?

लघवी साचून किडनीचा आतला भाग फुगला की रिपोर्टवर 'हायड्रोनेफ्रोसिस' लिहिलेलं असतं. २०१४ पासून वापरात असलेल्या वर्गीकरणानुसार २८ आठवड्यांपूर्वी हा भाग ४ मिलिमीटरपेक्षा कमी आणि त्यानंतर ७ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर तो सामान्य मानतात. सौम्य सूज बहुतेक वेळा आपोआप उतरते. तरीही जन्मानंतर पुन्हा सोनोग्राफी करावी लागते. ती शक्यतो ४८ तासांनंतर करतात, कारण पहिल्या दोन दिवसांत बाळाला लघवी कमी होते आणि सूज लपू शकते. मूत्रमार्गात पडद्याची शंका असेल तर मात्र थांबत नाहीत.

मग अडतं कुठे?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी महाराष्ट्रातूनच, पालघरमधून सुरू झाला. त्याची पथकं अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा आणि शाळांत एकदा तपासणी करतात. केंद्राच्या मूळ यादीत ३० आजार आहेत आणि त्यात जन्मजात दोष ९. दुभंगलेले ओठ, वाकडे पाय, हृदयदोष, मोतीबिंदू त्यात आहेत, पण किडनीचे दोष नाहीत. हे काही अंशी समजण्यासारखं आहे. पथक बाळाला पाहून, तपासून नोंद करतं आणि किडनी बाहेरून दिसत नाही.

म्हणजे किडनीच्या दोषाची पहिली, आणि कित्येकदा एकमेव, नोंद आईच्या सोनोग्राफी रिपोर्टवरच असते. बाळंतपणानंतर ती फाईल मागे पडली की दोषही विस्मरणात जातो.

तुळजापूर तालुक्यातल्या तामलवाडीचंच पाहा. जिल्ह्याचं ठिकाण धाराशिव, पण सोलापूर त्याहून जवळ. सोनोग्राफी एका जिल्ह्यात, बाळंतपण दुसऱ्या जिल्ह्यात आणि लसीकरण गावात झालं, तर तिन्ही ठिकाणची माहिती एकत्र कोण करणार? नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत असलेल्या धाराशिवसाठी हा प्रश्न छोटा नाही.

काय करता येईल?

यासाठी नवं यंत्र लागत नाही. गर्भवतीच्या रिपोर्टमधली किडनीविषयीची ओळ बाळाच्या लसीकरण कार्डावर उतरवली, तर आशाताईंना आणि परिचारिकेला पुढच्या तपासणीची आठवण करून देता येईल. पालकांनीही तो रिपोर्ट जपून ठेवावा आणि बालरोगतज्ज्ञांना दाखवावा. बाळाला सर्दी-खोकला नसताना ताप येत असेल, मुलग्याच्या लघवीची धार बारीक किंवा थेंबथेंब असेल, तर लघवीची तपासणी करून घ्यावी. वारंवार होणाऱ्या संसर्गाने किडनीवर पडलेले व्रण नंतर भरून येत नाहीत.