615 रुपयांवर सुनावणी, 88 हजारांवर मौन

2023 साली हज कमिटीचे खर्चाचे परिपत्रक आले तेव्हा आमच्या बीड जिल्ह्यातल्या हाजींना त्यातला एक फरक काही केल्या समजेना. मुंबईहून जाणाऱ्याला सुमारे 3 लाख 5 हजार रुपये आणि औरंगाबादहून जाणाऱ्याला सुमारे 3 लाख 93 हजार. मक्का तीच, मदिना तीच, मिनातला तंबू तोच. माणशी 88 हजारांचा फरक, आणि तो मुख्यतः विमानभाड्याचा. नवरा-बायको दोघे निघाले तर पावणेदोन लाख.

माजलगाव, परळी, अंबाजोगाईकडचा हाजी काही साखर कारखान्याचा चेअरमन नसतो. तो निवृत्त झेडपी गुरुजी असतो, मटणाच्या दुकानावर तीस वर्षे बसलेला असतो, किंवा कापसाच्या दोन बऱ्या हंगामांतून पैसे बाजूला काढणारा शेतकरी असतो. पावणेदोन लाखांत त्याच्या घरातल्या एका मुलीचे लग्न होते.

हा फरक का, असे विचारले की एक ठरलेले उत्तर मिळते. विमानतळ लहान आहे, तिथली शुल्के परवडत नाहीत. मशिदीबाहेर हे उत्तर मी इतक्या वेळा ऐकले आहे की आता लोक तेच एकमेकांना समजावून सांगतात. म्हणून आधी त्याचाच हिशेब करू.

विमानतळ विमान कंपनीकडून उतरण्याचे, विमान उभे करण्याचे वगैरे शुल्क घेतो आणि प्रवाशाच्या तिकिटातून वापर शुल्क घेतो. मोठ्या विमानतळांवर हे दर ठरवायला 2008 च्या कायद्याने विमानतळ आर्थिक नियामक प्राधिकरण नेमले आहे. विमानतळ आपला खर्च मांडतो, प्राधिकरण तो तपासून मसुदा जाहीर करते, विमान कंपन्या आणि प्रवासी संघटना हरकती घेतात, मग दर ठरतो. तो पटला नाही तर वर न्यायाधिकरण आहे. मुंबई विमानतळाने 2025 मध्ये देशांतर्गत प्रवाशामागे 325 रुपये मागितले, मिळाले 175. परदेशी जाणाऱ्या साध्या वर्गाच्या प्रवाशामागे 650 मागितले, मिळाले 615. म्हणजे पस्तीस रुपयांवरही कागद हलले, कारणे लिहिली गेली.

त्याआधी 2009 मध्ये मुंबई आणि दिल्लीला प्रवाशांकडून विकास शुल्क घ्यायची परवानगी मंत्रालयाने नुसत्या पत्राने दिली होती. 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वसुली बेकायदा ठरवली. दर आधी नियामकाने ठरवावा लागेल, हे न्यायालयाने विमानतळाच्या शेदोनशे रुपयांसाठी सांगितले!

चिकलठाण्याला मात्र हा नियामक लागू नाही. कायद्यात ‘मोठा’ विमानतळ म्हणजे पूर्वी वर्षाला 15 लाख प्रवाशांचा होता, 2019 च्या दुरुस्तीने तो 35 लाखांचा झाला. औरंगाबाद त्याच्या जवळपासही नाही. तिथले दर सरकारी विमानतळ प्राधिकरण आणि मंत्रालय यांच्यातच ठरतात.

तरीही हे दर कितीही जास्त धरा. विमान एकदा उतरायचे एक लाख रुपये धरू. हाजींच्या एका तुकडीसाठी ते दोनदा उतरेल, एकदा न्यायला आणि एकदा सोडायला. दोन लाख भागिले दीडशे प्रवासी, म्हणजे माणशी साडेतेराशेच्या आत. वापर शुल्क दीड हजार धरा. बेरीज तीन हजारांपर्यंतही जात नाही, आणि मुंबईलाही ही शुल्के आहेतच. मग उरलेले पंच्याऐंशी हजार कुणाचे?

हजचे विमान हाजींना सोडून रिकामे परत येते, हे दुसरे उत्तर. खरे आहे, पण मुंबईचे विमानही रिकामेच येते. तिसरे उत्तर लहान विमानाचे. त्यात थोडे तथ्य आहे. कमी खुर्च्या असल्या की खुर्चीमागे खर्च वाढतो. किती वाढतो, हे मात्र कुणी सांगत नाही. खरी गोष्ट अशी की हजची वाहतूक भारत आणि सौदीच्या कंपन्यांतच वाटलेली आहे. लहान विमानतळासाठी निविदा भरायला फारसे कुणी पुढे येत नाही, आणि जो येतो त्याला माहीत असते की हाजीला दुसरा पर्याय नाही. 2024 मध्ये केरळात कालिकतच्या हाजींना कोची-कन्नूरच्या जवळपास दुप्पट भाडे सांगितले गेले. ओरड झाल्यावर ते हजारो रुपयांनी खाली आले. ओरडल्यावर जो आकडा उतरतो, तो खर्चातून आलेला नव्हता, एवढे तरी कळते.

ही गोष्ट नवी नाही. हाजी मुंबईहून जहाजाने जात, त्या काळी मुघल लाइनची जवळपास मक्तेदारी होती. 1937 च्या सुमारास आपल्या सोलापूरच्या वालचंद हिराचंदांची सिंदिया कंपनी त्या मार्गावर उतरली आणि भाडी कोसळली.

आपल्यातलेच काही जण म्हणतात, हज इस्तिताअत असणाऱ्यावरच फर्ज आहे, मग कुरकुर कशाला? माफ करा, ऐपतीची अट अल्लाहने हाजीसाठी ठेवली आहे, विमान कंपनीच्या नफ्यासाठी नाही. दुसरे म्हणतात, मुंबईहून जा. सत्तरीच्या म्हातारीला घेऊन चारशे किलोमीटर, बरोबर निरोप द्यायला चार जीपगाड्या, शिवाय मुंबईतला मुक्काम. हे टळावे म्हणूनच तर औरंगाबादचे केंद्र होते.

आणि सबसिडीचा टोमणा मारणाऱ्या बिगरमुस्लिम मित्रांना एवढेच सांगतो की ती 2018 मध्येच बंद झाली. इथे कुणी फुकट मागत नाही, बिल मागतो आहोत. उद्या बीडला विमानतळ झाला, त्याची चर्चा अधूनमधून असतेच, तर पुण्यामुंबईच्या तुलनेत तुम्हालाही हाच प्रश्न पडेल. 1994 पासून देशात विमानभाडे खुले आहे, ते वाजवी असावे एवढेच नियम सांगतो. पण हजचे भाडे खुल्या बाजारातले नाहीच. ते सरकार निविदेने ठरवते आणि प्रवाशाला कंपनी निवडता येत नाही. जिथे बाजार नाही तिथे नियामक हवा, याच तत्त्वावर विमानतळांना तो लावला ना?

म्हणून अल्पसंख्याक मंत्रालयाकडे मागणी करायची ती ‘भाडे कमी करा’ अशी मोघम नको. प्रत्येक केंद्रासाठी किती निविदा आल्या, इंधन किती, विमानतळ शुल्क किती, रिकाम्या फेरीचा भार किती, नफा किती, हे कुर्रा निघण्याआधी मराठी आणि उर्दूत जाहीर करा. हरकतींना मुदत द्या, आणि त्यांचे लेखी उत्तर द्या. आमच्या खासदार-आमदारांनी दरवर्षी हाजींना हार घालून फोटो काढण्याआधी हा कागद मागावा.