पंचनामा : अपघाताचे पहिले साधन

१/ मीरा-भाईंदरच्या इतिहासात आपण घोडबंदरचा किल्ला वाचतो. त्याच शहरातून जाणाऱ्या मुंबई-अहमदाबाद महामार्गाचा इतिहास मात्र पोलीस ठाण्याच्या दप्तरात असतो. आजचा धागा त्या दप्तराविषयी.

२/ १८५५ च्या कायद्याने अपघाती मृत्यूसाठी वारसांना भरपाई मागण्याचा हक्क दिला. पण त्यासाठी दिवाणी दावा लढावा लागे. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने तृतीय पक्षाचा विमा सक्तीचा केला. ती सक्ती अमलात आली १९४६ मध्ये. १९५६ च्या दुरुस्तीने दावा न्यायाधिकरणांची सोय केली.

३/ हक्क मिळाला, न्यायपीठ मिळाले. पुरावा कोणी गोळा करायचा? जखमी माणूस शुद्धीवर नसतो, घरचे रुग्णालयात धावत असतात. अशा वेळी वाहनाचा क्रमांक, चालकाचे नाव, विम्याचा तपशील, रस्त्यावरच्या खुणा टिपणारा पोलिसांचा पंचनामाच दाव्याचा पाया ठरतो.

४/ १९९४ च्या दुरुस्तीने पोलिसांना ३० दिवसांत न्यायाधिकरणाकडे अहवाल पाठवणे बंधनकारक केले. १ एप्रिल २०२२ पासूनच्या नियमांनुसार प्राथमिक अहवाल ४८ तासांत, सविस्तर अहवाल ९० दिवसांत द्यायचा आहे. माझ्या मते या साऱ्या इतिहासातला मोठा बदल हाच : कागद गोळा करण्याचे ओझे शोकग्रस्त कुटुंबाकडून शासनाकडे सरकले.

५/ तरीही साधन म्हणजे निकाल नव्हे. रवी विरुद्ध बद्रीनारायण (२०११) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, केवळ फिर्याद उशिरा नोंदवली म्हणून खरा दावा फेटाळता येत नाही. बखरीप्रमाणेच पंचनामाही इतर पुराव्यांशी ताडून वाचायचा असतो.

६/ जुने कागद शोधणाऱ्यांसाठी एक खूण : १ ऑक्टोबर २०२० रोजी मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय सुरू झाले. त्याआधीच्या इथल्या कागदांवर ठाणे ग्रामीण पोलिसांचे नाव आढळेल.

७/ म्हणून काशिमीऱ्याच्या नाक्यावर ‘जाऊ द्या, आपसांत मिटवू’ असे कोणी म्हटले, तर ऐकू नका. चार दिवसांनी दुखणे उमटते आणि हाती कागदाचा कपटाही नसतो. नोंद करा, प्रत मागून घ्या, पंचनाम्यातली दिशा आणि वेळ तपासा. साधनांची चिकित्सा आपण शिकतो ती केवळ गतकाळासाठी नाही.