न बोलणाऱ्याचा भरला संसार

बोलणाऱ्याची बोरे विकतात, अशी आपल्यात एक म्हण आहे. न बोलणाऱ्याचे काय होते हे म्हण सांगत नाही. ते आपण मनाशी ठरवूनच टाकलेले असते. घरात एखादे मूल जन्मतः कर्णबधिर निघाले की, याचे पोट कसे भरणार, याला मुलगी कोण देणार, चार माणसांत हा कसा वावरणार, या चिंता वडीलधाऱ्यांना ग्रासून टाकतात. अशा घरांतील वाचकांसाठी आम्ही या महिन्यात एका सुताराची हकीकत सांगणार आहोत.

जोनाथन लॅम्बर्ट हे त्याचे नाव. पुरंदरावर संभाजीराजांचा जन्म झाला त्याच १६५७ साली हा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर बार्नस्टेबल या गावी जन्मला. घराणे मूळचे इंग्लंडातील केंट परगण्यातले. तो जन्मापासून बहिरा होता. पण रंधा आणि करवत चालविण्यास हात आणि डोळा लागतो. लाकडाची शीर कोठे वळते हे नजर सांगते आणि सांधा नीट बसला की नाही हे बोटांना कळते. लॅम्बर्ट सुतारकाम शिकला, शेती करू लागला, आणि एलिझाबेथ नावाच्या मुलीशी त्याचा विवाह झाला. तिला ऐकू येत होते.

१६९४ साली हे दांपत्य जवळच्याच मार्थाज व्हिनयार्ड या बेटावर राहावयास गेले. तेथे लॅम्बर्टने मूळ रहिवाशांकडून जमीन विकत घेतली. ती जेथे होती त्या खाडीला आजही लॅम्बर्टचेच नाव आहे. त्याला सात मुले झाली. त्यांपैकी दोन बहिरी होती.

१७१४ साली बोस्टनचे न्यायाधीश सॅम्युअल स्यूअल त्या बेटावर आले असता त्यांना काही मंडळी भेटली. त्यांतला एक इंग्रज गृहस्थ अवाक्षरही बोलेना. पाहुण्यांना राग येऊ लागला, तोच कळले की हा मनुष्य बहिरा-मुका आहे. तो लॅम्बर्ट होता. न्यायाधीशमहाशयांनी ही गोष्ट आपल्या रोजनिशीत नोंदवून ठेवली आहे. १७३८ साली, म्हणजे थोरल्या बाजीरावांनी भोपाळला निजामास नमविले त्याच साली, ऐंशीच्या घरात पोहोचून लॅम्बर्ट निवर्तला. धंदा, जमीन, पत्नी, सात मुले, पिकले वय! याहून भरले आयुष्य ते कोणते?

पुढची कथा बेटाची आहे. या जातीचा बहिरेपणा आई आणि बाप दोघांकडून त्याचा अंश आला तरच मुलात प्रकट होतो. एकाकडूनच आला तर मूल ऐकते-बोलते, पण तो अंश पुढच्या पिढीच्या हवाली करते. बेटावरची केंटची घराणी पिढ्यानपिढ्या आपसांतच सोयरिकी करीत राहिली. परिणाम असा झाला की, एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत सुमारे ५,७०० माणसांमागे एक जन्मतः बहिरा, तर या बेटावर १५५ मागे एक, आणि चिलमार्क गावात तर २५ मागे एक! मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल ज्या घरांत आहे, त्यांनी विवाहापूर्वी जाणत्या डॉक्टरांचा सल्ला घेणे शहाणपणाचे, एवढे येथेच सांगून ठेवतो.

पण गावाने यावर केले काय? सारे गाव हातांच्या खुणांची भाषा शिकले. ऐकणारी मुले ती आपल्या मातृभाषेबरोबरच उचलीत. कोळी एका होडीतून दुसऱ्या होडीशी खुणांनी बोलत. शाळेत मुले गुरुजींच्या पाठीमागे खुणांनीच खोड्या करीत. बहिऱ्यांची लग्ने ऐकणाऱ्यांशी होत आणि गावकीच्या कामांतही ते असत. नोरा ग्रोस या विदुषीने बेटावरच्या वृद्धांना भेटून १९८५ साली हा सारा वृत्तांत ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. दोन जुन्या कोळ्यांविषयी तिने एका आजीबाईंना विचारले, तेव्हा ते मासेमारीत फार तरबेज होते, असे त्या म्हणाल्या. ते बहिरे होते ना, असे विचारल्यावर कोठे त्यांना आठवले की, हो, होते खरे! त्या वंशातील शेवटची बहिरी व्यक्ती १९५२ साली वारली.

आम्हांस या हकीकतीत आपल्यासारख्या परमुलखातील मराठी घरांसाठी मोठा बोध दिसतो. आपले पूर्वज इंदूर, बडोदे, बेळगाव, हैदराबाद येथे स्थिरावले ते शेजाऱ्याची भाषा शिकून. घरात मराठी, पेठेत हिंदी, गुजराती, कानडी किंवा तेलुगू, हे आपल्या मुलांना कोणी शिकवावे लागले नाही. मग स्वतःच्याच घरातील मुलाची भाषा शिकणे जड का जावे? आज साधनांचीही उणीव नाही. भारतीय सांकेतिक भाषेसाठी २०१५ साली दिल्लीत शासनाने स्वतंत्र संस्था स्थापन केली आणि २०२१ साली तिचा दहा हजार शब्दांचा कोश तयार झाला.

तेव्हा ज्यांच्या घरी असे मूल आहे त्यांनी त्याला शाळेत आणि हुन्नरात घालावेच; पण आजी-आजोबांपासून धाकट्या भावंडांपर्यंत सर्वांनी त्याच्या हातांची भाषाही शिकावी. ताटावर बसल्यावर चाललेल्या गप्पांत त्यालाही वाटा मिळावा, एवढीच आमची विनंती.