सवडीची किंमत मोजणारा कवी : डब्ल्यू. एच. डेव्हिस

१/ विल्यम हेन्री डेव्हिस हा वेल्श कवी भारतीय वाचकाला बहुधा ‘लेझर’ म्हणजे ‘सवड’ या एकाच कवितेमुळे ठाऊक असतो. ती शाळेत वाचलेल्यांना कवी निसर्गात रमलेला, सुखवस्तू गृहस्थ वाटतो. ही समजूत त्याच्यावर अन्याय करणारी आहे.

२/ त्याचा जन्म १८७१ साली न्यूपोर्ट या बंदराच्या गावी झाला. आजी-आजोबांनी त्याला वाढवले. तसबिरींच्या चौकटी बनवण्याच्या धंद्यात त्याने उमेदवारी केली, पण तिथे त्याचे मन रमले नाही. १८९३ साली त्याने अमेरिका गाठली.

३/ पुढची काही वर्षे मालगाड्यांवरून चोरटा प्रवास, दारोदार भीक आणि गुरे वाहून नेणाऱ्या जहाजांवरील मजुरी यांत गेली. मिशिगनमध्ये कडाक्याच्या हिवाळ्यात भटके लोक आपणहून तुरुंगात जात. डेव्हिसही गेला, कारण तिथे निदान ऊब आणि जेवण मिळे.

४/ मार्च १८९९. सोन्याच्या शोधात क्लोंडाइककडे निघालेला डेव्हिस कॅनडातील रेन्फ्रू येथे धावत्या गाडीवर चढताना घसरला. उजवे पाऊल चिरडले आणि पाय गुडघ्याखाली कापावा लागला. भटकंती जवळजवळ संपली.

५/ लंडनच्या स्वस्त निवारागृहांत राहून तो कविता लिहू लागला. प्रकाशक मिळेना. आजीच्या मिळकतीतून येणाऱ्या तुटपुंज्या भत्त्यावर काही महिने पाणी सोडून, लाकडी पायाने पुन्हा रस्त्यावर राहून त्याने छपाईचे पैसे उभे केले. १९०५ साली ‘द सोल्स डिस्ट्रॉयर’ निघाले. नामवंतांच्या सूचीतून पत्ते काढून त्याने प्रती टपालाने धाडल्या आणि किमतीपोटी अर्धा क्राउन मागितला.

६/ अशीच एक प्रत बर्नार्ड शॉ यांच्या हाती पडली. १९०८ च्या ‘द ऑटोबायोग्राफी ऑफ अ सुपर-ट्रॅम्प’ला प्रस्तावना त्यांचीच. समीक्षक एडवर्ड थॉमस यांनी केंटमध्ये त्याच्यासाठी लहानसे घर मिळवून दिले. १९११ साली सरकारी निवृत्तिवेतन सुरू झाले आणि ‘लेझर’ही त्याच वर्षीच्या संग्रहात आली.

७/ ‘भटकंतीने कवी घडवला’ हे विधान म्हणूनच अर्धे खरे आहे. भटकंतीने अनुभव दिला, पण लिहिते ठेवले ते छप्पर, नियमित पैसा आणि जाणत्यांचा आधार यांनी. डेव्हिस केवळ परिस्थितीचा बळीही नव्हता. आपला आळस आणि भीक मागण्यातले कसब त्याने आत्मचरित्रात लपवलेले नाही.

८/ १९४० साली तो वारला. त्याची कविता आज सुट्टीचा सुविचार म्हणून वाचली जाते. परंतु रिकामा वेळ श्रीमंताकडे असला की ती सवड ठरते आणि भिकाऱ्याकडे असला की गुन्हा. हा भेद डेव्हिसने दोन्ही बाजूंनी भोगला होता. त्या निवांत ओळींमागचा लाकडी पाय दिसला, तरच कविता पुरती वाचली असे म्हणता येईल.