वॉर्डात शिकणाऱ्या मुलींचा खोकला

बारावीचा निकाल लागून नर्सिंगचे प्रवेश सुरू झाले की आमच्याकडे फिटनेस सर्टिफिकेटसाठी मुली येतात. कुणी सुरगाण्याहून, कुणी कळवण, पेठ, येवल्याहून. बरोबर वडील नाहीतर मामा. फॉर्मवर उंची, वजन, नजर, रक्तगट, जुना आजार एवढेच रकाने. घरच्यांचे प्रश्नही ठरलेले असतात: फी किती, होस्टेल कसं आहे, पुढे सरकारी नोकरी लागेल का? प्रश्न रास्तच आहेत. पण "डॉक्टर, तिथे हिला कशाचा संसर्ग तर होणार नाही ना?" असं फार थोडे लोक विचारतात. कोविडच्या दोन वर्षांत सगळेच विचारत होते, आता परत विसरले.

(आजकाल मुलगेही नर्सिंग करतात, पण संख्येने मुलीच जास्त, म्हणून मी मुली म्हणतोय.)

नर्सिंगचं शिक्षण फळ्यावर होत नाही, वॉर्डात होतं. राज्यातल्या बीएस्सी नर्सिंग कॉलेजांची परीक्षा घेणारं आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्याच म्हसरूळला आहे, पण मुली खरं शिकतात ते रुग्णाच्या खाटेशी. ताप-बीपी बघणं, चादर बदलणं, नळीतून भरवणं, तोंड स्वच्छ करणं, थुंकीचा नमुना घेणं. आम्ही डॉक्टर राउंडला एका रुग्णापाशी पाच मिनिटं थांबतो. खोकणाऱ्या रुग्णापासून हातभर अंतरावर सर्वात जास्त वेळ कोण असतं, तर अठरा-एकोणीस वर्षांची शिकाऊ मुलगी. आणि या सगळ्यांत अनुभव तिलाच सर्वात कमी.

धोका किती, याचं उत्तर आपल्या देशातच मिळालेलं आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने २००७ मध्ये नर्सिंगच्या विद्यार्थ्यांची टीबीची त्वचा चाचणी केली. ज्यांची चाचणी निगेटिव्ह होती त्यांची वर्षभराने पुन्हा तपासणी झाली. १८१ पैकी १४ जणांना त्या एका वर्षात नवा संसर्ग झालेला दिसला, म्हणजे ७.८ टक्के. तेव्हा देशातल्या सर्वसाधारण माणसाला हाच धोका वर्षाला दीड टक्का धरला जात असे. कोणत्या कामांशी हा संसर्ग जोडलेला होता? फुप्फुसाच्या टीबीच्या रुग्णांची शुश्रूषा आणि थुंकीचे नमुने गोळा करणं.

पुण्याचा अनुभव याहून बोचरा आहे. तिथल्या एका सार्वजनिक रुग्णालयात २०१२-१३ मध्ये ६६२ वैद्यकीय प्रशिक्षणार्थींपैकी २६ जणांना टीबी झाला. नुसता संसर्ग नव्हे, प्रत्यक्ष आजार. लाखाच्या हिशेबात मांडलं तर वर्षाला तीन हजारांच्या वर. देशाच्या सरासरीच्या दहापटीहूनही हे जास्त आहे.

इथे संसर्ग आणि आजार यांतला फरक समजून घ्या. टीबीचे जंतू श्वासातून आत गेले म्हणजे लगेच टीबी होतो असं नाही. बहुतेकांचं शरीर त्यांना कोंडून ठेवतं. संसर्ग झालेल्या शंभरांपैकी साधारण पाच ते दहा जणांनाच आयुष्यात कधीतरी आजार होतो. पण ज्यांना होतो, त्यांतल्या बऱ्याच जणांना तो पहिल्या दोन वर्षांतच होतो. नर्सिंगचा कोर्स तीन-चार वर्षांचा, म्हणजे पहिल्या वर्षी लागलेला जंतू मुलगी अजून होस्टेलवर असतानाच डोकं वर काढू शकतो. नॉर्वेतल्या ऑस्लो शहरात योहानेस हाइमबेक नावाच्या डॉक्टरने १९२४ पासून हेच पाहिलं होतं. नर्सिंगला येताना सुमारे निम्म्या मुलींची चाचणी निगेटिव्ह असे, बाहेर पडताना जवळपास सगळ्यांची पॉझिटिव्ह. शंभर वर्षं झाली या गोष्टीला.

लोकांना वाटतं, टीबीचा वॉर्ड धोक्याचा आणि बाकीचे वॉर्ड सुरक्षित. माझ्या मते बऱ्याचदा उलटं असतं. निदान होऊन योग्य औषधं सुरू झालेल्या रुग्णाचा संसर्ग फैलावण्याचा जोर झपाट्याने कमी होतो. खरा धोका केसपेपरवर 'न्यूमोनिया' किंवा 'जुना दमा' लिहिलेल्या, थुंकी अजून तपासायला न गेलेल्या, जनरल वॉर्डात मधल्या खाटेवर खोकत बसलेल्या आजोबांचा असतो. टीबी वॉर्डाच्या दारात मुलींना एन-९५ मास्क मिळतो. या आजोबांपाशी त्या निळ्या सर्जिकल मास्कवर उभ्या असतात, तोही अनेकदा स्वतःच्या पैशांनी आणलेला. सर्जिकल मास्क रुग्णाने लावला तर उपयोगी आहे, तो त्याचा खोकला अडवतो. हवेतले बारीक कण श्वासात जाऊ नयेत म्हणून शुश्रूषा करणाऱ्याला चेहऱ्यावर नीट बसणारा एन-९५च लागतो.

आणि खिडक्या. शपथविधीला मुली हातात दिवा घेऊन नाइटिंगेलबाईंचं नाव घेतात. त्यांच्या 'नोट्स ऑन नर्सिंग' या पुस्तकाचं पहिलंच प्रकरण खोलीतली हवा खेळती ठेवण्यावर आहे. आपण मात्र एसी बसवून खिडक्यांना खिळे ठोकतो.

आता मला सगळ्यात जास्त खटकणारी गोष्ट. भारतीय नर्सिंग परिषदेच्या नियमाप्रमाणे थिअरीला ८० टक्के हजेरी चालते, पण प्रात्यक्षिकाची हजेरी पदवी मिळण्याआधी १०० टक्के पूर्ण लागते. नियमामागचा हेतू चांगला आहे. अर्धवट शिकलेली नर्स माझ्या रुग्णाच्या सलाइनला हात लावू नये, हे मलाही हवंय. पण आजारपणातही तो जसाच्या तसा लावला की काय होतं ते मी ओपीडीत बघतो. चार-चार, सहा-सहा आठवडे खोकला, संध्याकाळी कणकण, वजन उतरलेलं, आणि मुलगी मेडिकलमधून कफ सिरप आणून ड्युटी करतेय. का? "सर, एक दिवस चुकला तर सुट्टीत भरून द्यावा लागतो. मॅडम म्हणतात, नाटकं करते." काही ठिकाणी एका दिवसाला दोन दिवस भरून घेतात, असंही मुली सांगतात. दंड तर ऐकण्यातली गोष्ट आहे. त्यात लग्नाची काळजी. आई हळू आवाजात म्हणते, "डॉक्टर, कागदावर टीबी लिहू नका."

या मुलीला टीबी असेल, तर तेवढे दिवस तिच्या खोलीतल्या मैत्रिणी, शिवाय वॉर्डातला डायलिसिसवाला, केमोथेरपीवाला, नुकतं बाळंतपण झालेली बाई हे सगळे तिच्या संपर्कात आले. म्हणजे ही नियमावली तुमच्या घरातल्या रुग्णालाही धोक्यात टाकते. डॉक्टरने प्रमाणित केलेला संसर्गजन्य आजार गैरहजेरीत धरू नये, तास नंतर विनादंड पूर्ण करून घ्यावेत, यात शिक्षणाचा दर्जा कुठेही घसरत नाही. साध्या टीबीचा उपचार सहा महिन्यांचा असतो, पण त्यातले पहिले काही आठवडेच, डॉक्टर सांगतील तेवढे, वॉर्डापासून दूर राहावं लागतं. त्यासाठी वर्ष वाया जायचं कारण नाही.

"सेवा म्हटली की धोका आलाच," असं काही ज्येष्ठ मंडळी ऐकवतात. सावित्रीबाईंचं उदाहरण देतात. १८९७ च्या प्लेगात रुग्णांची सेवा करताना त्या गेल्या, खरंच आहे. पण तेव्हा प्लेगावर औषध नव्हतं. आज टीबीची तपासणी सरकारी केंद्रात फुकट होते, औषधं फुकट मिळतात, एन-९५ मास्क कुठल्याही मेडिकलमध्ये मिळतो. आपल्या कंजूषपणाला त्यांचं नाव देऊ नये.

होस्टेलच्या मेसबद्दलही बोललं पाहिजे. आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी मुलींचं वजन चाळीस किलोच्या आत असतं. झारखंडमध्ये टीबी रुग्णांच्या घरच्यांना नीट शिधा दिला, तर त्यांच्यात नव्याने टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झालं. त्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. पातळ डाळ आणि बटाट्याची भाजी खाऊन रात्रपाळी करणाऱ्या मुलीला हे लागू नाही, असं मला तरी म्हणवत नाही.

सुईचं प्रकरण वेगळं, पण तितकंच तातडीचं. रुग्णाच्या रक्ताची सुई टोचली तर एचआयव्हीची शक्यता साधारण तीनशेत एक असते. हिपॅटायटिस बी मात्र लस न घेतलेल्यांत तीस टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. ही लस देशभरातल्या सरकारी लसीकरणात २०११ पर्यंत टप्प्याटप्प्याने आली, त्यामुळे आज कॉलेजात असलेल्या अनेक मुलींना ती लहानपणी मिळालेलीच नसू शकते. तीन डोस, सहा महिने, आणि शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटीबॉडीची तपासणी. म्हणजे प्रवेश ठरताच सुरुवात केली तरच वेळेत होतं. गोवर आणि कांजिण्या होऊन गेल्यात का, लस झालीय का, हेही तेव्हाच बघून घ्यावं.

पालकांनो, फी भरण्याआधी कॉलेजला विचारा: प्रवेशाच्या वेळी छातीचा एक्स-रे आणि टीबीची त्वचा चाचणी होते का, दरवर्षी पुन्हा होते का? निगेटिव्हची पॉझिटिव्ह झाली, तर आजार नाही याची खात्री करून टीबी टाळण्याची औषधं देता येतात. पण आधीचा निकाल लिहून ठेवलेला नसेल, तर बदल कळणार कसा? रात्री दोनला सुई टोचली तर मुलीने कुणाला फोन करायचा, हेही विचारा. सुई टोचल्यावर जखम दाबायची नाही, साबण-पाण्याने धुवायची आणि लगेच कळवायचं. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं शक्यतो पहिल्या दोन तासांत, फार तर ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात आणि २८ दिवस घ्यावी लागतात. "सकाळी मॅडम आल्या की बघू" हे उत्तर चालणार नाही.

आणि तुमचा माणूस ॲडमिट असेल, दोन आठवड्यांहून जास्त खोकत असेल, किंवा त्याला पूर्वी टीबी झाला असेल, तर ते पहिल्याच दिवशी सांगा. लपवू नका. त्याला मास्क लावायला द्या, थुंकीचा डबा झाकून ठेवा. नमुना द्यायचा असेल तर त्याला बाहेर मोकळ्या हवेत न्या, आणि डबी हातात धरून पुढे उभ्या असलेल्या मुलीला म्हणा, "ताई, तुम्ही जरा लांब थांबा, मी घेतो."